नळी घालू नये

मी चार पानांचा एक कागद बोलतोय. रंगाने हिरवट, अंगाने जाड, कोर्टकचेरीच्या कामाला वापरतात तसला. जव्हारच्या एका झेरॉक्सच्या दुकानात माझ्यासारखे बरेच जण गठ्ठ्यात पडून होते. आमच्यातला कोणी वाटणीचं प्रतिज्ञापत्र होई, कोणी नावातल्या बदलाचं, कोणी हरवलेल्या दाखल्याचं. माझ्याही नशिबी तसलंच काहीतरी असेल, असं मी धरून चाललो होतो.

वैशाखातल्या एका सकाळी दोन बायका दुकानात आल्या. थोरल्या गोदाबाई, वय एकसष्ट, उजवा हात डाव्या हाताने उचलून धरलेला. बरोबर त्यांची मुलगी वर्षा. गोदाबाईंनी वहीची दोन पानं टायपिंग करणाऱ्यापुढे ठेवली. त्याने ती वाचायच्या आधीच वर मोठ्या अक्षरांत ‘मृत्युपत्र’ असं टाइप केलं.

“ते नको,” गोदाबाई म्हणाल्या. त्यांची जीभ जड झाली होती, शब्द एकमेकांना चिकटून येत होते. “मृत्युपत्र मेल्यावर उघडतात. हे मरायच्या आधी उघडायचं आहे.”

त्याने बोट थांबवून वर पाहिलं. मग वर्षाने त्याला एकेक शब्द सांगितला: वैद्यकीय उपचारांबाबतचं आगाऊ इच्छापत्र. त्याने वरची ओळ खोडली. टाइप करताना मात्र दोनदा चुकला.

गोदाबाई मूळच्या पोशेऱ्याच्या, भात आणि नागली पिकवणाऱ्या घरातल्या. शिकून आरोग्यसेविका झाल्या आणि तीस वर्षं मोखाडा तालुक्यातले पाडे पायी फिरल्या. लसी टोचल्या, बाळंतपणं केली. नवरा लवकर गेला. तुषार आणि वर्षा या दोन्ही मुलांना त्यांनी एकटीने वाढवलं. तुषार जामसरच्या शाळेत शिक्षक झाला, वर्षा मोखाड्याला सरकारी कार्यालयात लिपिक. निवृत्त झाल्यावर गोदाबाईंनी जव्हारला तीन खोल्यांचं घर बांधलं आणि तुषार व सून ममता यांच्याबरोबर त्या तिथे राहायला लागल्या.

दुसऱ्याच वर्षी त्यांच्या हातून कप निसटायला लागला. नाशिकच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत नेणाऱ्या नसा एकेक करून मरत जातात, असा तो आजार. तेव्हा माझा जन्म झाला नव्हता, पण त्या दिवशीचं बोलणं वर्षाने पुढे इतक्यांना सांगितलं की मला ते पाठ आहे.

“डॉक्टर, मी नर्स होते. आडपडदा नको.”

“आधी हातपाय. मग बोलणं, गिळणं. शेवटी श्वास.”

“आणि डोकं?”

“ते शेवटपर्यंत शाबूत राहतं, मावशी.”

“मग तीस वर्षं मी लोकांना सुया टोचल्या, तशी एक मला वेळेवर कोणी टोचेल का?”

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग त्यांनी सांगितलं की तसं केलं तर तो खून ठरतो, आणि गुन्हा नसता तरी आपल्या हाताने ते झालं नसतं. कायद्याने एवढंच करता येतं की यंत्र नको, नळी नको, असं माणूस आधी लिहून ठेवू शकतो. “मरण मागता येत नाही. उपचार नाकारता येतो.”

“दोन्हीत मरणारी मीच ना?” गोदाबाईंनी विचारलं. घरी येऊन त्यांनी वही उघडली आणि हातात पेन धरता येत होतं तोवर लिहून काढलं.

माझ्या तिसऱ्या पानावर लिहिलं आहे: श्वास बंद पडल्यास घशात नळी घालू नये. कृत्रिम श्वासाचं यंत्र लावू नये. लावलेलं असल्यास काढावं. मला दम लागल्याचा त्रास होऊ नये एवढंच औषध द्यावं. माझ्या वतीने बोलण्याचा अधिकार माझी मुलगी वर्षा हिला आहे.

दोन साक्षीदार लागत होते. एक झाल्या गौराबाई, उपकेंद्रावर गोदाबाईंबरोबर नोकरी केलेल्या. दुसरे शेजारचे निवृत्त शिक्षक. नोटरीकडे गोदाबाईंनी सही केली, ती ओळीखाली घसरली. नोटरीने चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाला, “अंगठाही घेऊ या.” त्यांचा अंगठा वर्षाने धरून शाईवर टेकवला. दाबायची ताकद गोदाबाईंच्यात नव्हती, म्हणून तेवढं वर्षाने दाबलं. निघताना गौराबाई म्हणाल्या, “गोदे, माझ्या सहीनं तुझं बरं होणार असतं तर दहा ठिकाणी केली असती गं.”

माझी एक प्रत स्थानिक कार्यालयात द्यायची असते. असे कागद सांभाळणारा अधिकारी तिथे असावा, असं नियमात आहे. ते कार्यालय कुठलं ते मी सांगत नाही. टेबलामागच्या माणसाने मला उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, “याचं रजिस्टर कुठं असतं?” हे त्याने वर्षाला विचारलं. शेवटी त्याने प्रत ठेवून घेतली, आवक क्रमांक दिला आणि ती एका लाल फडक्यात बांधली. मी त्या फडक्याकडे पाहत राहिलो. तिथे माझंच एक जुळं भावंड राहिलं होतं.

तुषारला मी त्या संध्याकाळी कळलो. तो ओसरीवर आईच्या पायांना तेल चोळत होता. रोज शाळेतून आला की पहिलं काम तेच. वर्षाने मला त्याच्यासमोर ठेवलं. त्याने चारही पानं वाचली, हात पुसले आणि पुन्हा तिसरं पान वाचलं.

“यात माझं नाव का नाही?”

“तू नाही म्हणशील म्हणून,” गोदाबाई म्हणाल्या.

“म्हणेनच. तुझा श्वास अडकलेला असेल आणि मी बसून बघू?”

“मी सांगते म्हणून बघ.”

“तुला काय आई, तू जाशील. आम्हाला त्याच्यानंतर राहायचं आहे.”

त्याने आवाज चढवला नव्हता. तेलाची वाटी उचलून तो आत गेला. त्यानंतर मी वर्षाच्या पर्समध्ये, प्लॅस्टिकच्या पाकिटात राहायला गेलो आणि जव्हार-मोखाडा रस्त्यावर तिच्याबरोबर एसटीने ये-जा करू लागलो. दर शनिवारी ती आईकडे येई.

माझ्या डोळ्यांदेखत गोदाबाईंचे पाय गेले, मग आवाज गेला. वर्षाने पुठ्ठ्यावर मुळाक्षरं मोठी लिहून आणली. आपण अक्षरांवरून बोट फिरवायचं, हवं ते अक्षर आलं की गोदाबाई पापण्या मिटत. हो म्हणायला एकदा मिटायच्या, नाही म्हणायला दोनदा. एक वाक्य जुळायला चहा निवून जाई.

पोशेऱ्याहून त्यांची थोरली बहीण माघी येऊन राहिली. तिला वाचता येत नव्हतं. माझ्यावरून घरात धुसफूस चालते एवढं तिला कळलं होतं. एका दुपारी ती वर्षाला म्हणाली, “काय लिवलंय त्याच्यात, मला सांग.” वर्षाने वाचून दाखवलं.

माघी म्हणाली, “आमची सासू म्हातारी झाली तेव्हा एके दिवशी तिनं नागलीची पेज तोंडातून भायेर काढली. दुसऱ्या दिवशी पण. आम्ही समजलो. मग पेज नाय दिली. ओठाला पाणी लावायचं, अंगावर हात ठेवायचा आणि बसायचं. चार दिवसांनी गेली. कोण कागद मागाया आला नाय.”

“तेव्हा यंत्रं नव्हती मावशी.”

“नव्हती. म्हणून कोण भांडला नाय.”

श्रावण लागला. त्या आठवड्यात गोदाबाईंनी पुठ्ठ्यावर एक वाक्य जुळवलं: लोणचं मुरलं का? ममताने बरणी उघडून त्यांच्या नाकाजवळ धरली. गोदाबाईंचा चेहरा आता फारसा हलत नसे, पण त्या हसल्या. सगळ्यांनी पाहिलं. तुषार त्या दिवशी जेवताना दोनदा म्हणाला, “आई हसली.”

त्यानंतर चारच दिवसांनी, दुपारी दोनच्या सुमारास, ममता त्यांना पातळ पेज भरवत होती आणि पेज श्वासनळीत गेली. ओठ निळे पडले. ममताने शाळेत फोन केला, मग रुग्णवाहिकेला. जव्हारच्या दवाखान्यात प्राणवायू लावून त्यांना पुढे नाशिकला न्यायला सांगितलं. तुषार गाडीत आईजवळ बसला. ममताने वर्षाला कळवलं.

नाशिकचा रस्ता मोखाड्यावरून जातो. वर्षा कार्यालयातून तशीच निघाली आणि नाक्यावर येऊन उभी राहिली. पाऊस होता. तिने मला पर्समधून काढून छातीशी धरलं होतं आणि छत्री माझ्यावर होती, तिच्या डोक्यावर नव्हती. घाट चढून येणाऱ्या गाडीचा भोंगा आला. वर्षा रस्त्यात दोन पावलं पुढे गेली आणि हात वर केला. गाडी हळू झाली. काचेतून मला तुषार दिसला, त्याला वर्षा दिसली. मग गाडीने वेग घेतला आणि आमच्या अंगावर पाणी उडवून निघून गेली.

मिळेल त्या जीपने आम्ही नाशिकला पोचलो तेव्हा सहा वाजून गेले होते. गोदाबाईंच्या घशात नळी होती. शेजारी यंत्र श्वास घेत होतं आणि त्यांची छाती त्याच्या तालावर वरखाली होत होती. संमतीच्या फॉर्मवर तुषारची सही होती.

वर्षाने मला भावासमोर धरलं. “हे वाचलं होतंस ना?”

“वाचलं होतं.”

“मग?”

“लोणचं मुरलं का, म्हणून विचारणारी बाई मरायला तयार असते का, ते सांग मला.”

“लोणचं विचारलं म्हणून नळी घालायची?”

तुषार भिंतीला टेकून खाली बसला. अडतीस वर्षांचा माणूस, चिखलाने माखलेली पँट, शाळेतला खडू अजून बोटांना. त्याच्यावर रागवायचं की नाही, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी माझं वाचन झालं. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी मला काळजीपूर्वक वाचलं. ते भले गृहस्थ होते. ते म्हणाले की नळी घालण्याआधी मी समोर आलो असतो तर गोष्ट वेगळी होती. आता काढायची तर तीन डॉक्टरांचं एक मंडळ बसेल, मग जिल्ह्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेल्या डॉक्टरांसह दुसरं मंडळ, मग न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचं. कार्यालयातली प्रतही पडताळावी लागेल.

“आणि एक अडचण आहे,” ते म्हणाले. “हा कागद रुग्णाला स्वतःचा निर्णय घेता येत नसेल तेव्हाचा आहे. तुमच्या आई शुद्धीवर आहेत. त्यांना सगळं कळतं. त्या आहेत तोवर मी कागदाला कसं विचारू? त्यांनाच विचारायला हवं.”

हे बरोबरच होतं. मला तर आनंद झाला. माझ्या मालकिणीला कोणीतरी थेट विचारणार होतं.

तीन डॉक्टर पलंगाभोवती उभे राहिले. एका बाजूला वर्षा, दुसऱ्या बाजूला तुषार. मोठे डॉक्टर वाकून सावकाश म्हणाले, “गोदाबाई, यंत्र काढलं तर काय होईल ते तुम्हाला माहीत आहे. झोपेचं औषध देऊन, त्रास न होता काढता येईल. काढायचं का?”

गोदाबाईंनी पापण्या मिटल्या आणि उघडल्या.

“हो म्हणाली,” वर्षा म्हणाली.

यंत्राचे चारपाच श्वास गेले असतील. मग गोदाबाईंच्या पापण्या पुन्हा मिटल्या आणि उघडल्या.

“दोनदा,” तुषार म्हणाला. “दोनदा म्हणजे नाही.”

“ते नंतरचं आहे. दमल्यात त्या.”

“दोनदा मिटले, वर्षा.”

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. या वेळी पापण्या अर्ध्याच मिटल्या. सायंकाळी विचारलं तेव्हा गोदाबाईंचे डोळे कोणाकडेच नव्हते. दुसऱ्या दिवशी एकदा मिटले आणि डोळ्यांतून पाणी आलं. तीन डॉक्टर व्हरांड्यात जाऊन बोलले. परत आल्यावर मोठे डॉक्टर वर्षाला म्हणाले, “ताई, मला वाटतं त्या हो म्हणताहेत. पण वाटण्यावर मला सही करता येणार नाही. चूक झाली तर ती परत घेता येत नाही.”

मलाही तेव्हा प्रथमच शंका आली. माझ्यावर त्यांची इच्छा काळ्या अक्षरांत होती, पण ती वैशाखातली. श्रावणात त्या डोळ्यांमागे काय चाललं होतं ते मला माहीत नव्हतं. कदाचित त्या हो म्हणाल्या आणि मग शेजारी उभ्या असलेल्या मुलाचा चेहरा त्यांना दिसला. मी कागद आहे. माझं मन बदलत नाही. म्हणूनच माझ्यावर विश्वास ठेवतात, आणि म्हणूनच ठेवत नाहीत.

तीन आठवड्यांनी गळ्याला छेद देऊन नळी तिथून घातली आणि गोदाबाईंना यंत्रासकट घरी आणलं. वर्षाने रजा टाकली आणि ती जव्हारला राहायला आली. बहीणभाऊ एकाच घरात आळीपाळीने जागत, आईला कुशीवर वळवत, नळीतला कफ ओढत. एकमेकांशी औषधाच्या वेळेपलीकडे बोलत नसत.

आश्विनात एकदा वादळाने तारा तुटल्या. आदल्या दिवसापासून वीज नव्हती. सकाळी दहाला इन्व्हर्टर संपला आणि यंत्र ओरडून बंद पडलं. तुषार दुसरी बॅटरी आणायला धावला, ममता त्याच्यामागून. घरात वर्षा आणि माघी. अशा वेळेसाठी हाताने दाबायचा रबरी फुगा पलंगाला टांगलेला होता. वर्षाने तो नळीला जोडला आणि दाबायला लागली. दाबला की आईची छाती वर, सोडला की खाली.

मी कपाटाच्या उघड्या फळीवर होतो, सगळं दिसत होतं. गोदाबाई लेकीकडे पाहत होत्या. ज्यासाठी मला लिहिलं होतं तो क्षण हाच होता. मंडळ नको, दंडाधिकारी नको, कोणाची सही नको. वर्षाने फक्त हात थांबवायचे होते.

दहा मिनिटं झाली, वीस झाली. वर्षाच्या मनगटाला कळा येत असाव्यात, तिने हात बदलला. माघी पलंगाच्या कडेला बसून बहिणीच्या कपाळावर हात ठेवून होती. ती खालच्या आवाजात म्हणाली, “वर्षा, थांब जरा. दुखले असतील हात.”

वर्षाने मावशीकडे पाहिलं. मग आईकडे. आणि ती आणखी जोरात दाबायला लागली.

पाऊण तासाने तुषार आला. बॅटरी जोडली, यंत्र सुरू झालं. वर्षाची बोटं फुग्यावरून सुटेनात, तुषारने ती एकेक करून सोडवली.

“मला नाही जमलं,” वर्षा म्हणाली.

तुषारला कळलं ती काय म्हणते आहे. तो तिच्याशेजारी जमिनीवर बसला. थोड्या वेळाने म्हणाला, “त्या दिवशी नाक्यावर तू दिसली होतीस. ड्रायव्हर थांबवत होता. मीच म्हटलं, चालव.”

“माहीत आहे.”

दोघांमध्ये त्यानंतर बोलणं सुरू झालं. पण उशीर झाला होता. थंडी पडता पडता गोदाबाईंच्या पापण्याही हलेनाशा झाल्या. पुठ्ठा भिंतीला टेकवून ठेवला. आता त्यांना काहीच सांगता येत नाही, म्हणजे नियमाप्रमाणे आता माझी पाळी आली होती. आणि एका रविवारी तुषारनेच विचारलं, “वर्षा, तो कागद घेऊन जाऊ या का?”

दोघं मला घेऊन नाशिकला गेले. ते मोठे डॉक्टर नोकरी सोडून दुसऱ्या शहरात गेले होते. नवीन डॉक्टरांनी मला वाचलं आणि जुनी नोंदही काढली. तिच्यात लिहिलं होतं: रुग्णाची संमती निश्चित सांगता येत नाही, मुलाचा विरोध. “रुग्णाला इथे भरती करा,” ते म्हणाले. “मंडळं रुग्णालयात बसतात, घरी नाही. कार्यालयातली प्रत घेऊन या. किती दिवस लागतील ते सांगता येत नाही. आणि शेवटी मंडळ होच म्हणेल असंही नाही.”

कार्यालयात टेबलामागे नवीन माणूस होता. आवक क्रमांक सापडला, प्रत सापडली नाही. लाल फडकी पुष्कळ होती. तिघांनी मिळून दोन दिवस शोधलं. माझं भावंड त्यांच्यात नव्हतं.

आईला पुन्हा घाटातून न्यायचं, पुन्हा त्या खोलीत ठेवायचं आणि तिथून कदाचित तशीच परत आणायची, हे दोघांनाही सोसवणार नव्हतं. त्यांनी पुष्कळ विचार केला. मग विचार करायचं थांबवलं.

या पावसाळ्यात मला बुरशी धरायला लागली. अंगठ्याची शाई फुटली. ते पाहून तुषार घाबरला. आईची शेवटची सही आहे, जपली पाहिजे, म्हणून त्याने बाजारात नेऊन माझी चारही पानं लॅमिनेट करून आणली. त्याने ते मायेपोटीच केलं. पण लॅमिनेट केलेल्या मूळ कागदावर कोणताही अधिकारी शेरा मारत नाही, शिक्का उमटत नाही, सही बसत नाही. वर्षा लिपिक आहे, तिला हे माहीत होतं. तिने मला हातात घेतलं, उलटून पाहिलं आणि भावाला म्हणाली, “छान केलंस.”

आता मी औषधांच्या कपाटात वरच्या फळीवर उभा असतो. बुरशी लागणार नाही, फाटणार नाही. या घरातल्या सगळ्यांपेक्षा मी जास्त टिकेन.

तुम्ही कोणी माझ्यासारखा कागद करणार असाल तर करा. पण नोटरीकडे जाण्याआधी घरातल्या प्रत्येकाला शेजारी बसवून तो वाचून दाखवा. ज्याला रडू येईल त्याचंच नाव त्यात घाला, आणि त्याचं रडू संपेपर्यंत सही करू नका. आणि ज्यांच्या हाती नियम आहेत, त्यांना माझं एकच मागणं आहे. आमच्यासाठी एक कपाट ठेवा, आणि त्याची किल्ली कोणाकडे असते ते कोणाला तरी माहीत असू द्या. गोदाबाईंना याचा उपयोग होणार नाही. त्यांच्यासाठी मागण्यासारखं माझ्यापाशी काही उरलेलं नाही.

माघी कापणीला पोशेऱ्याला परत गेली. यंत्र चालू आहे. गोदाबाईंच्या पापण्या आता नीट मिटतही नाहीत, म्हणून डोळे कोरडे पडू नयेत यासाठी वर्षा दर दोन तासांनी त्यांत औषधाचे थेंब घालते. ते गालांवरून ओघळतात आणि ममता पदराने पुसते. कधी कधी थेंब घालायची वेळ झालेली नसते, तरी गाल ओले असतात. ते औषधच आहे, असं घरात सगळ्यांनी ठरवलं आहे.